फूलभुंगेरा नेमका ओळखायचा कसा? नाशिकच्या माळावर, बांधावर आणि घाटात वापरायची पद्धत

पावसाळा लागला की नाशिकच्या निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर एकाच धाटणीचे फोटो यायला लागतात. हिरवा किंवा तपकिरी भुंगेरा, फोटो वरून काढलेला, अर्धा पाकळीआड, आणि खाली प्रश्न: हा कोणता? पाच मिनिटांत तीन उत्तरं येतात. एक जण हुमणी म्हणतो, दुसरा सोनकिडा, तिसरा मोबाइलच्या ॲपने सुचवलेलं एखादं युरोपातलं नाव डकवतो. तिघांनीही फक्त रंग पाहिलेला असतो.

रंगावरून फूलभुंगेरा ओळखता येत नाही. एकाच जातीत लालसर, विटकरी आणि जवळजवळ काळे असे भुंगेरे सापडतात, आणि चार वेगळ्या गटांतले भुंगेरे सारखेच हिरवे चकाकतात. ओळख पटते ती शरीराच्या रचनेवरून, आणि ती रचना ठराविक क्रमाने पाहावी लागते. क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं. आधी कुठे आणि कशावर बसलाय ते पाहायचं, मग हा मुळात फूलभुंगेरा आहे का, मग गट, आणि जातीचं नाव सगळ्यात शेवटी. लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

इथे फूलभुंगेरा म्हणजे स्कॅरॅबिडी कुलातल्या सिटोनिनी या उपकुलातला भुंगेरा. फुलावर बसलेला प्रत्येक भुंगेरा या उपकुलातला नसतो, आणि या उपकुलातला प्रत्येक भुंगेरा फुलावरच सापडेल असंही नाही. पिकून फुटलेल्या फळावर आणि झाडाच्या जखमेतून झिरपणाऱ्या रसावरही हे भुंगेरे जमतात.

१. निघण्यापूर्वी

सामान थोडं लागतं, पण त्यातलं काही वगळू नका.

दहा पटींचं भिंग घ्या. सोनार खडे तपासायला वापरतात तेच. सराफ बाजाराच्या आसपास सहज मिळतं. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स असली तर उत्तम, पण ती भिंगाची जागा घेत नाही. नख्या आणि नडगीवरचे दात डोळ्यांनीच पाहावे लागतात.

दोन-तीन डब्या घ्या, तळ आणि झाकण दोन्ही काचेसारखं आरपार दिसणाऱ्या. भुंगेऱ्याची खालची बाजू पाहायचा सगळ्यात सोपा मार्ग हाच: डबी डोक्याच्या वर धरायची आणि तळातून बघायचं. भुंगेरा हातात दाबून उलटा धरावा लागत नाही, त्याचे पाय मोडत नाहीत.

मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट असलेली छोटी पट्टी, वही, पेन्सिल (पावसात पेनची शाई पसरते), चित्रकलेचा मऊ ब्रश आणि एक जुनी फिकट रंगाची छत्री. छत्री फांदीखाली उलटी धरून फांदी काठीने हलकेच झटकली की वरचे किडे छत्रीत पडतात. बोर, बाभूळ, खैर अशा काटेरी झाडांवर जाळीपेक्षा हेच बरं. जाळी काट्यात फाटते आणि फुलंही ओरबाडली जातात.

*इशारा:* अंजनेरी, बोरगड, ममदापूर, नांदूरमधमेश्वर या संरक्षित जागा आहेत. तिथून वन विभागाच्या परवानगीशिवाय जिवंत किंवा मेलेला कुठलाही किडा उचलून आणू नका. तिथे फक्त फोटो आणि नोंद.

*आणखी एक इशारा:* द्राक्षबागेत किंवा भाजीच्या शेतात मालकाला विचारल्याशिवाय शिरू नका, आणि विचारताना फवारणी कधी व कशाची झाली तेही विचारा. गोडी छाटणीनंतर बागेत फवारण्या सतत चालू असतात. त्या काळात पानांना हात लावून तोच हात तोंडाला लावणं धोक्याचं आहे. पावसाळी गवतात पायात बूट हवेत. फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्या माळांवर आहेत.

२. कुठे, कधी, कशावर

नाशिक जिल्ह्यात पन्नास-साठ किलोमीटरच्या आत पाऊस पूर्ण बदलतो. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे घाटाचा धो-धो पाऊस आणि दाट झाडी. सिन्नर, येवला, निफाडच्या पूर्वेला कोरडा माळ आणि शेती. दोन्हीकडचे भुंगेरे सरसकट सारखे नाहीत. म्हणून नोंदीत नुसतं ‘नाशिक’ लिहिणं जवळजवळ निरुपयोगी. गाव लिहा, जमल्यास शिवार किंवा डोंगराचं नाव लिहा.

फूलभुंगेरे दिवसा, उन्हात फिरतात. सकाळी दव ओसरून ऊन तापायला लागलं की ते फुलांवर उतरतात. ढगाळ, रिपरिप पावसात फुलाच्या आत किंवा पानाखाली गप्प बसून राहतात. तेव्हा फोटो निवांत मिळतात, पण शोधायला वेळ जातो. दिव्याखाली रात्री आपटून पडलेला तपकिरी भुंगेरा बहुतेक वेळा या गटातला नसतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर जे थवेच्या थवे उतरतात ते हुमणीचे, म्हणजे पिकाची मुळं कुरतडणाऱ्या अळीचे, भुंगेरे असतात. द्राक्षाची पानं रात्री कुरतडून चाळणी करणारा अडोरेटसही वेगळाच, आणि कोवळे डोळे खाणारा उडद्या तर स्कॅरॅबिडी कुलातलाही नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ. माळावरचं गवत निसवलेलं असतं, बाजरी फुलोऱ्यात असते, मक्याला तुरे असतात, बांधावर कुर्डू फुललेला असतो. पावसाच्या शेवटाकडे बोरी फुलतात. त्यांची फुलं बारीक आणि हिरवट, म्हणून लोक तिकडे बघतच नाहीत, पण उन्हात त्या झाडाखाली उभं राहिलं की गुणगुण ऐकू येते. हिवाळ्याच्या शेवटी आंब्याचा मोहोर आणि घाटउतारांवरची धायटी पाहा. शहरात राहत असाल तर घरचा गुलाब, झेंडू आणि भेंडी यांच्यापासून सुरुवात करा.

*तपासा:* वनस्पतीचं नाव आत्ताच लिहिलंत का? नाव येत नसेल तर पान, फूल आणि पूर्ण झाड असे तीन फोटो घ्या. घरी गेल्यावर ‘पिवळ्या फुलावर होता’ एवढंच आठवतं, आणि तेवढ्यावरून काहीच ठरत नाही.

३. हात लावण्यापूर्वी

भुंगेरा दिसला की पहिली हालचाल डबीकडे होते. ती थांबवा. आधी तो काय करतोय ते पाहा.

बाजरीच्या कणसावर बसलेला हिरवा भुंगेरा जवळून बघितला तर डोकं फुलोऱ्यात खुपसलेलं दिसतं, पुढचे पाय कणीस कवटाळून असतात आणि अंगावरच्या उभ्या केसांत परागाची पिवळी भुकटी अडकलेली असते. पराग खातोय, पाकळी कुरतडतोय, की नुसता ऊन घेत बसलाय, हे तिथेच कळतं. डबीत गेल्यावर तो फक्त सुटायची धडपड करतो.

मग त्याला उडताना पाहायचा प्रयत्न करा. बहुतेक भुंगेरे उडताना वरची दोन्ही कवचं उघडून बाजूला धरतात. बरेचसे फूलभुंगेरे तसं करत नाहीत. कवचं पाठीवर मिटलेलीच राहतात आणि खालचे पातळ पंख कडेच्या खाचेतून बाहेर येतात. त्यामुळे उडणारा फूलभुंगेरा लांबून एखाद्या जाड माशीसारखा वाटतो आणि आवाजही तसाच घुमतो. कवचं मिटून उडताना दिसला तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं. कवचं उघडून उडाला तर मात्र लगेच ‘नाही’ म्हणू नका. या उपकुलातले काही छोटे गट तसे उडतात.

जागेवरच निदान दोन फोटो घ्या, एक बरोबर वरून आणि एक बाजूने. फ्लॅश बंद ठेवा. चकाकणाऱ्या अंगावर फ्लॅश पडला की पांढरा डाग उमटतो आणि हिरव्याचा तांबूस, तांबसाचा सोनेरी होतो. कडक ऊन असेल तर अंगाची सावली पाडा.

*इशारा:* काळ्या अंगावर नारिंगी किंवा पिवळे आडवे पट्टे असलेला, मऊ आणि लांबट, मान स्पष्ट वेगळी दिसणारा किडा भेंडीवर, तुरीवर, जास्वंदीवर हमखास भेटतो. तो मायलॅब्रिस. त्याच्या अंगातून निघणाऱ्या द्रवात कँथॅरिडिन असतं आणि त्याने कातडीवर फोड येतात. त्याला बोटांनी धरू नका, मुलांना धरू देऊ नका. रंगीत आहे आणि फुलावर आहे एवढ्यावरून त्याला फूलभुंगेरा समजणं ही नेहमीची चूक आहे.

४. हा फूलभुंगेरा आहे का?

इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात, म्हणून इथे वेळ घालवा. भुंगेरा डबीत घ्या, डबी सावलीत ठेवा, तो शांत होऊ द्या. फारच धावपळ करत असेल तर डबी रुमालात गुंडाळून बर्फाच्या थर्मासमध्ये पाच-सात मिनिटं ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका आणि विसरू नका. आता पुढच्या गोष्टी याच क्रमाने पाहा.

*मिशा.* टोकाला तीन पानं एकावर एक मिटलेली दिसतात का? भुंगेरा सावध झाला की ती पानं पंख्यासारखी उघडतो. असतील तर तो बहुधा स्कॅरॅबिडी कुलातला. मिशा दोऱ्यासारख्या किंवा करवतीच्या दातांसारख्या असतील तर इथेच थांबा. तो दुसऱ्या कुलातला आहे. बाभळीवरचा झगझगीत हिरवा, लांबट, कडक अंगाचा स्टर्नोसेरा याच परीक्षेत बाद होतो. चकाकी पाहून त्याचं नाव फूलभुंगेऱ्यांत घालणारे दरवर्षी भेटतात.

*खांद्याची पाचर.* वरून बघा. डोक्यामागे ढाल असते आणि तिच्यामागे दोन कवचं. ढालीचा मागचा कोपरा आणि कवचाचा खांदा यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना, एक छोटा तिरपा तुकडा वर आलेला दिसतो का? हा शरीराच्या कडेचा भाग असतो आणि फूलभुंगेऱ्यात तो वरून दिसतो. हुमणीच्या भुंगेऱ्यात दिसत नाही. एकच खूण लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

*कडेची खाच.* आता बाजूने बघा. कवचाची बाहेरची कड खांद्याच्या थोडं मागे आत वळते. बंद कवचांतून पंख बाहेर येतात ते इथूनच. बहुतेक फूलभुंगेऱ्यांत ही खाच ठळक असते. व्हॅल्गिनी नावाच्या गटात ती नसते. ते एक सेंटिमीटरपेक्षाही लहान, खवल्यांनी मढलेले आणि लांब मागच्या पायांचे भुंगेरे असतात.

*तोंड.* वरून पाहिलं तर जबडे दिसू नयेत. कपाळाची चपटी पट्टी पुढे येऊन तोंड पूर्ण झाकते. जबड्यांच्या कडा बाहेर डोकावत असतील, डोक्यावर शिंग असेल, अंग जाड आणि तपकिरी-काळं असेल, तर तो गेंड्या भुंग्याच्या गटातला असण्याची शक्यता जास्त.

*नख्या.* भिंग काढा. प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या असतात. फूलभुंगेऱ्यात दोन्ही सारख्या लांबीच्या आणि साध्या, न फाटलेल्या. ॲनोमाला आणि पॉपिलिया हे हिरवे भुंगेरे इथे पकडले जातात: त्यांची एक नखी दुसरीपेक्षा स्पष्ट मोठी असते. हुमणीच्या भुंगेऱ्याच्या नखीला मध्ये दात असतो. हॉप्लिया हा खवलेदार छोटा भुंगेरा फुलांवरच राहतो, पण त्याच्या मागच्या पायाला एकच नखी असते.

पॉपिलियाबद्दल थोडं अधिक, कारण तो फसवतो. दिवसा फिरतो, फुलावर बसतो, निळा-हिरवा चमकतो, आणि खांद्यापाशी पाचरीसारखं काहीतरी दिसल्याचा भासही होतो. तिथे पाचरीवर विसंबू नका. कडेची खाच नाही आणि नख्या असमान आहेत, हे दोन्ही पाहिल्यावरच निकाल द्या.

*तपासा:* मिशा, पाचर, खाच, तोंड, नख्या या पाचांपैकी किती स्वतः पाहिल्या? मिशा आणि नख्या पाहिल्या नसतील तर वहीत ‘बहुधा फूलभुंगेरा’ एवढंच लिहा. पुढच्या पायरीवर जाऊ नका.

५. सहा फोटो आणि एक माप

वरून काढलेला एक सुंदर फोटो जात ठरवायला बहुतेक वेळा पुरत नाही. डबीतून बाहेर कोऱ्या कागदावर घेऊन, किंवा डबीतच, हे सहा फोटो घ्या: वरून, बाजूने, समोरून कपाळपट्टीचा, खालून, पुढच्या पायाच्या नडगीचा, आणि मागून शेवटच्या पाटीचा. कवचं जिथे संपतात त्याच्या मागे उघडी राहणारी त्रिकोणी पाटी म्हणजे ती.

यातला खालून काढलेला फोटो लोक हमखास गाळतात, आणि जाणकार नेमका तोच मागतात. मधल्या पायांच्या जोडीमध्ये छातीचा एक उंचवटा पुढे आलेला असतो. तो रुंद आहे की अरुंद, पुढचं टोक गोल आहे की टोकदार, गुळगुळीत आहे की केसाळ, यावर प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) वेगळ्या पडतात. त्याच फोटोत पोटाची मधली रेषा पाहा. बऱ्याच जातींत नराच्या पोटाखाली लांबीच्या दिशेने उथळ खोबण असते आणि मादीचं पोट फुगीर असतं. नर-मादी वेगळे ठरले की ‘या दोन वेगळ्या जाती’ हा गैरसमज टळतो.

कपाळपट्टीचा पुढचा काठ सरळ आहे, मध्ये खाचलेला आहे, की दोन टोकांत फुटलेला आहे, तेही टिपा. नडगीवरचे दात मोजा, पण त्यांवर फार भार देऊ नका. माती-खत उकरून हे दात झिजतात, आणि जुन्या भुंगेऱ्याच्या नडगीवर तीनऐवजी दीडच दात दिसू शकतो.

माप कपाळपट्टीच्या टोकापासून शेवटच्या पाटीपर्यंत घ्यायचं. पाय आणि मिशा धरायच्या नाहीत. पट्टी भुंगेऱ्याच्या पाठीच्या उंचीला धरा. खाली कागदावर ठेवून वरून फोटो काढला तर माप मोठं येतं.

*इशारा:* पांढरी नक्षी ही कवचाचा रंग नसते. ती वर बसलेली खडूसारखी भुकटी किंवा बारीक खवले असतात. वय वाढेल तशी ती झिजते, परागाखाली झाकली जाते, बोटाने घासली तर पुसली जाते. ठिपके मोजून जात ठरवू नका, आणि ब्रशने धूळ झटकताना हलका हात ठेवा.

६. गट ठरवा

आता तुमच्याकडे सिद्ध झालेला फूलभुंगेरा आहे. आपल्या भागात वारंवार समोर येणारे काही गट घेतो. यादी पूर्ण नाही. घाटात यापलीकडचं बरंच काही आहे.

चिलोलोबा. सुरुवात याच्यापासून करा, कारण तो ओळखायला सोपा आहे आणि तुमचा डोळा तयार करतो. चकचकीत हिरवं अंग, कधी तांबूस झाक, आणि पूर्ण अंगावर लांब उभे फिकट केस. जागा गवताळ माळ, बाजरी, ज्वारी, मका. आपल्याकडे भेटणारी जात चिलोलोबा अक्युटा. हिरवा आहे पण गुळगुळीत, केस अजिबात नाहीत, तर तो चिलोलोबा नाही, मग बाजरीवर असला तरी. केस बाजूने, उजेडाच्या विरुद्ध धरून पाहा. वरून ते दिसतच नाहीत, आणि याच कारणाने कित्येक चिलोलोबा ‘कुठलातरी हिरवा’ म्हणून सोडून दिले जातात.

गॅमेटिस. छोटा, साधारण सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, चपटा. लाल किंवा विटकरी अंगावर काळे पट्टे-डाग आणि पांढरे ठिपके. पण काळं वाढत जाऊन लाल जवळपास नाहीसं झालेले भुंगेरेही याच जातीचे असतात. गॅमेटिस व्हर्सिकलर शहरातल्या बागेतही येतो, गुलाबापासून भेंडी-कापसापर्यंत अनेक फुलांवर. जुन्या लिखाणात हाच ऑक्सिसिटोनिया व्हर्सिकलर या नावाने आहे. दोन नावं दिसली म्हणून दोन नोंदी करू नका.

प्रोटेशिया. गॅमेटिसपेक्षा मोठा आणि जाड. अंग तांबूस-हिरवं, ब्राँझसारखं किंवा गडद मखमली, वर पांढरे ठिपके. दोन्ही कवचं जिथे मिळतात तिथे मागच्या टोकाला बारीक काटा किंवा टोक दिसतं. छातीचा उंचवटा रुंद असतो. प्रोटेशिया ऑरिकॅल्सिया आणि प्रोटेशिया अल्बोगुटाटा ही नावं आपल्याकडच्या फोटोंखाली नेहमी दिसतात, पण या प्रजातीत सारख्या दिसणाऱ्या जाती बऱ्याच आहेत. खालचा आणि कपाळाचा फोटो नसेल तर ‘प्रोटेशिया, जात अनिश्चित’ इथे थांबणं हेच बरोबर उत्तर आहे. फुटलेल्या पेरूवर किंवा झाडाच्या रसावर सापडलेला फूलभुंगेरा या प्रजातीशी आधी ताडून पाहा.

क्लिंटेरिया. इथे ढालीची मागची बाजू पाहायची. इतर बहुतेकांत ढाल आणि कवचं यांच्यामध्ये एक स्पष्ट त्रिकोण दिसतो. क्लिंटेरियात ढालीचा मधला भाग मागे वाढून तो त्रिकोण जवळपास झाकून टाकतो, फक्त टोक उरतं. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. रंग काहीही असो, त्रिकोण झाकलेला दिसला की क्लिंटेरियाचा विचार करा.

हेटेरोऱ्हिना. काचेसारखा गुळगुळीत आणि चकचकीत, केस नाहीत, पांढरी भुकटी नाही. हेटेरोऱ्हिना एलेगन्स या एकाच जातीत हिरवा, निळा आणि तांबूस असे वेगवेगळे रंग मिळतात. ॲनोमालाशी गल्लत होते ती इथेच; नख्या पुन्हा पाहा.

*तपासा:* तुम्ही ठरवलेल्या गटाच्या विरुद्ध जाणारी एखादी खूण आहे का? असेल तर ती नोंदवा आणि चौथ्या पायरीवर परत जा. न जुळणारी खूण ‘फोटो नीट आला नसेल’ म्हणून झटकून टाकायची नाही. बहुतेक चुकीच्या ओळखी अशाच पक्क्या होतात.

७. नाव लावणं आणि नोंद करणं

आयनॅचरलिस्टसारखं ॲप जरूर वापरा, पण सहाव्या पायरीनंतर. आधी वापरलंत तर त्याने सुचवलेलं नाव डोक्यात बसतं आणि मग खुणा त्या नावाला जुळवून दिसायला लागतात. सुचवलेल्या प्रत्येक नावाचा नकाशा उघडा. सिटोनिया ऑराटा हा सुंदर हिरवा भुंगेरा युरोपाकडचा आहे आणि कोटिनिस अमेरिकेतला. दोन्ही नावं नाशिकच्या भुंगेऱ्यांना चिकटवलेली दिसतात, निव्वळ रंगामुळे.

भारतातल्या फूलभुंगेऱ्यांची सविस्तर ओळखतालिका गिल्बर्ट ॲरो यांनी १९१० साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत दिली. रचनेच्या खुणा शिकायला ती आजही उपयोगी आहे. मात्र त्यातली बरीच नावं पुढे बदलली आहेत, त्यामुळे तिथलं नाव थेट उचलू नका. काही जाती तर फक्त नराच्या जननांगाच्या रचनेवरूनच वेगळ्या काढता येतात, आणि ते काम फोटोवरून होत नाही. त्यासाठी नमुना आणि अभ्यासक दोन्ही लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

नमुन्यासाठी जिवंत भुंगेरा मारू नका, अशी माझी स्पष्ट विनंती आहे. कोळ्याच्या जाळ्यात, रस्त्याच्या कडेला, खिडकीच्या कट्ट्यावर मेलेले मिळतात, आणि शिकायला ते पुरतात. संरक्षित जागेबाहेर मिळालेला असा भुंगेरा कोरड्या डबीत ठेवा. टाचणी लावायची तर उजव्या कवचातून, मधोमध नाही. मधले अवयव तपासायला शाबूत राहिले पाहिजेत. सोबत चिठ्ठी हवीच: गाव, तालुका, जिल्हा, तारीख, वनस्पती, कोणाला सापडला. चिठ्ठी नसलेला नमुना अभ्यासाच्या कामाचा नाही.

नोंद लिहिताना कशावरून ठरवलं तेही एका ओळीत लिहा. ‘चिलोलोबा अक्युटा, पाचर व खाच पाहिली, नख्या समान, अंगावर लांब केस, बाजरीवर पराग खाताना’ अशी ओळ दहा वर्षांनीही कुणीतरी तपासू शकेल. नुसतं नाव तपासता येत नाही. जिवंत भुंगेरा जिथून घेतला त्याच झाडावर परत सोडा.

८. खतातल्या अळ्या

हे शेतकरी वाचकांसाठी, आणि खरं तर सगळ्यात जास्त नुकसान इथल्या चुकीमुळे होतं. उन्हाळ्यात शेणखताचा खड्डा उकरला, कंपोस्ट पलटलं की जाड पांढऱ्या अळ्या निघतात. त्या सरसकट हुमणी म्हणून मारल्या जातात. त्यातल्या कित्येक फूलभुंगेऱ्यांच्या असतात. त्या कुजलेला पाला, शेण आणि लाकूड खातात.

ओळखायची कृती अशी. अळी सावलीत सपाट फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवा आणि मिनिट-दोन मिनिटं हात लावू नका. फूलभुंगेऱ्याची अळी उलटी होते आणि पाय आकाशाकडे करून पाठीवर सरकत पुढे जाते. हुमणीची अळी वळून कुशीवर पडून राहते किंवा पायांनी धडपडते. पाठीवर चालत नाही. अंगलट पाहून खात्री करा. फूलभुंगेऱ्याच्या अळीचं डोकं शरीराच्या मानाने लहान, पाय आखूड, मागचा भाग जाड. हुमणीचं डोकं मोठं, तपकिरी, पाय लांब.

एकाच अळीवर निकाल देऊ नका. खड्ड्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पाच-सहा घ्या, कारण एकाच खड्ड्यात दोन्ही किंवा तिन्ही प्रकार असू शकतात. गेंड्या भुंग्याची अळीही शेणखतातच वाढते. ती चांगलीच मोठी होते आणि पाठीवर चालत नाही. पिकाच्या मुळांशी, जिवंत मुळं कुरतडलेल्या जागी सापडलेली अळी हुमणी असण्याची शक्यता जास्त. खात्री होत नसेल तर दोन-तीन अळ्या त्याच खतासकट डबीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

*इशारा:* खतात माती-विष्ठेचे लंबगोल, कडक गोळे सापडले तर फोडू नका. फूलभुंगेऱ्याची अळी असा गोळा करून आतच कोष होते, आणि एकदा फोडला की आतला जीव सहसा वाचत नाही.

पाठीवर चालणाऱ्या अळ्या आणि असे गोळे वेगळे काढा आणि बांधाच्या कडेला, झाडाच्या सावलीत ओलसर पालापाचोळ्याच्या ढिगाखाली ठेवा. वर थोडं जुनं शेणखत पसरा. कोंबड्या आणि कावळे आसपास असतील तर फांद्या आडव्या टाका, आणि ढीग पाऊस पडेपर्यंत सुकू देऊ नका.